घराचा दोष कोणाच्या पदरी?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपणा सर्वांच्या तोंडी आहे. या म्हणीत विकत घेतलेल्या घराचा उल्लेख नाही. पूर्वी खेड्यात घर विकत घेण्याचा प्रसंग क्वचितच येई. राहते घर वाडवडिलांचे तरी असे, नाही तर स्वतः खपून बांधलेले. पण ज्याने तयार घर विकत घेतले आहे, त्याला विचारा. तो म्हणेल, म्हण अपुरी आहे. घर विकत घेऊनसुद्धा पाहावे!

काय होते, पाहा. पैसे मोजून होतात, खरेदीखतावर सही होते, वास्तुशांत होते, शेजारीपाजारी जेवून जातात. मग मृगाचा पाऊस येतो. पहिल्या रात्री एका कोपऱ्यात कौले गळतात. चार दिवसांनी मागच्या भिंतीला ओल धरते. सुताराला बोलावावे, तर तो तुळईवर दोन ठोके मारतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि म्हणतो, "काका, ही तुळई वरून तेवढी तुळई आहे. आत वाळवीने माती भरली आहे." घर घेताना शिलकीतला पैसा संपलेला असतो. आता ही डागडुजी कोणाच्या पैशाने करायची? घेणाराने, की ज्याने ते घर विकले त्याने?

हा प्रश्न आपल्याला आपल्यापुरता वाटतो. पण माणूस घरे बांधून राहू लागला आणि त्यांची देवघेव करू लागला, तेव्हापासून तो त्याच्या मागे लागलेला आहे. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी त्याची उत्तरे दिली, आणि ती उत्तरे ऐकण्याजोगी आहेत.

प्रथम आपण सुमारे पावणेचार हजार वर्षे मागे जाऊ. आज ज्याला इराक म्हणतात, त्या देशात युफ्रेटिस नदीच्या काठी बाबिलोन नावाचे नगर होते. तिथे हम्मुराबी नावाचा राजा राज्य करीत होता. त्याने आपले कायदे एका काळ्या दगडी स्तंभावर कोरवून घेतले. हा स्तंभ सव्वादोन मीटर उंच आहे. १९०१-०२ च्या हिवाळ्यात इराणातील सुसा येथे तो फ्रेंच संशोधकांना उकरताना सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

या स्तंभावर घर बांधणाऱ्या मिस्त्रीसंबंधी काही कलमे आहेत. आधी त्याची मजुरी सांगितली आहे: घराच्या दर 'सार' क्षेत्रामागे दोन शेकेल चांदी. मजुरी सांगून झाल्यावर मग जबाबदारी येते. मिस्त्रीने घर मजबूत बांधले नाही आणि ते पडून धनी मेला, तर मिस्त्रीला देहदंड. धन्याचा मुलगा मेला, तर मिस्त्रीच्या मुलाला देहदंड! हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो. बापाच्या चुकीसाठी मुलाचा जीव घेणे याला आज कोणी न्याय म्हणणार नाही. पण त्याच्याच खालची दोन कलमे मात्र आजच्या माणसालाही पटतील. घर पडून सामानसुमान नासले, तर मिस्त्रीने त्याची भरपाई करावी आणि पडलेले घर स्वतःच्या खर्चाने पुन्हा उभारून द्यावे. आणि काम पुरे होण्याआधीच भिंत कलू लागली, तर ती त्याने स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी.

इतके कडक नियम करावे लागले, यावरून त्या देशातील घरांची कल्पना येते. नदीकाठचा गाळाचा मुलूख, दगड नाही, चांगले इमारती लाकूड नाही. घरे मातीच्या विटांची. अशा घराला पाया नीट नसला, तर ते बसायला वेळ लागत नाही. कायदा झाला तो या मातीतून झाला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही कलमे घर बांधणाऱ्याची आहेत. बांधलेले घर एकाने दुसऱ्याला विकले आणि मग त्यात खोट निघाली, तर काय? या प्रश्नाचा कीस काढला तो रोमन लोकांनी.

रोममध्ये इ.स.पूर्व ४५० च्या सुमारास 'बारा पत्रे' नावाने ओळखले जाणारे कायदे झाले. त्यात तत्त्व सरळ होते. विकताना विकणारा जे तोंडाने बोलला, ते खरे निघाले पाहिजे. खोटे निघाले, तर दुप्पट दंड. म्हणजे बोललेल्या शब्दाला तो बांधलेला होता. पण जे तो बोललाच नाही, त्याचे काय? आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. विकणारे शहाणे झाले आणि मुठी झाकू लागले. तेव्हा पुढच्या काळातल्या कायदेपंडितांनी ठरवले की, माहीत असलेला दोष मुद्दाम न सांगणे हेही दंडाला पात्र आहे.

याचे एक प्रत्यक्ष उदाहरण सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याने आपल्या 'कर्तव्य' या विषयावरील ग्रंथात दिले आहे. रोममध्ये शकुन पाहणारे सरकारी पुरोहित असत. ते टेकडीवरच्या ठरलेल्या जागी उभे राहून आकाशातल्या पक्ष्यांचे शकुन पाहत. सीलियन नावाच्या दुसऱ्या टेकडीवर क्लॉडियस सेंटुमेलस नावाच्या गृहस्थाचे घर होते. ते इतके उंच होते की पुरोहितांच्या नजरेच्या आड येई. पुरोहितांनी हुकूम काढला की घराचा आड येणारा भाग पाडून टाक. क्लॉडियसने काय करावे? त्याने घर विकायला काढले! कॅल्पर्नियस लॅनेरियस नावाच्या माणसाने ते विकत घेतले. थोड्याच दिवसांत तोच हुकूम त्याच्या दाराशी आला. बिचाऱ्याने हुकूम मानून तो भाग पाडला. नंतर त्याला कळले की घर विकायला निघाले ते हुकूम आल्यानंतर.

तो न्यायासाठी गेला. पंच होते मार्कस केटो. इतिहासात ज्याचे नाव गाजले त्या धाकट्या केटोचे वडील. त्यांनी निवाडा दिला तो थोडक्यात असा की, विकणाराला विकतेवेळी गोष्ट ठाऊक होती आणि त्याने ती सांगितली नाही. म्हणून घेणाराचे झालेले नुकसान त्याने भरून द्यावे.

श्रोतेहो, या निवाड्यात घर पक्के की कच्चे हा प्रश्नच आला नाही. घर चांगले मजबूत असेल. पंचांनी विचारले ते एवढेच की, तुला ठाऊक होते काय? आणि ठाऊक होते, तर सांगितलेस काय? घराच्या व्यवहाराचा सगळा न्याय त्या दिवसापासून या दोन प्रश्नांभोवती फिरतो आहे.

याच ग्रंथात सिसेरोने एक वाद मांडला आहे. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात अवश्य मांडून पाहावा. समजा, एका भल्या माणसाला घर विकायचे आहे. घर आरोग्याला वाईट आहे, खोल्यांत विषारी जिवाणू निघतात, लाकूड कुजके आहे, घर केव्हा बसेल त्याचा नेम नाही. पण हे धन्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते घेणाराला सांगावे काय? यावर अँटिपेटर आणि डायोजिनीस या दोन तत्त्वज्ञांची मते सिसेरोने दिली आहेत. हा डायोजिनीस बाबिलोनचा; पिंपात राहणारा तो निराळा.

अँटिपेटरचे म्हणणे असे की, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे पाप आहे, आणि हे तर त्याहून वाईट; कारण इथे तुम्ही जाणूनबुजून माणसाला आडवाटेला लावता. डायोजिनीस म्हणतो, त्याने कोणावर जुलूम केला? घ्या म्हणून आग्रहसुद्धा केला नाही. त्याला नको होते ते त्याने विकायला काढले, तुम्हाला हवे होते ते तुम्ही घेतले. स्वतःच दवंडी पिटून 'वाईट घर विकणे आहे' असे कोणी सांगते काय?

दोन्ही बाजू ऐकल्या की मन क्षणभर डळमळते. सिसेरोने मात्र कौल दिला तो अँटिपेटरच्या बाजूने. त्याचा आशय असा की, प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. पण जे जाणून घेणे समोरच्याच्या हिताचे आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याच्यापासून दडवून ठेवणे हे लपवणे होय, आणि सरळ माणूस ते करीत नाही.

सिसेरोला घरांचा अनुभव नव्हता असे समजू नका. हा ग्रंथ त्याने इ.स.पूर्व ४४ साली लिहिला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्याने आपल्या मित्राला एक पत्र लिहिले. पुतेओली या बंदरात त्याची भाड्याने दिलेली दुकाने होती. पत्रात तो सांगतो की दोन दुकाने पडली, बाकीच्यांना तडे गेले, भाडेकरू तर गेलेच पण उंदीरसुद्धा निघून गेले! मोठ्या माणसाच्या भिंतींनाही तडे जातात, एवढाच यातून बोध घ्यावा.

आता आपण आपल्या देशाकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर, शेत, बाग, तळे यांना मिळून 'वास्तु' म्हटले आहे आणि ते विकण्याची रीत घालून दिली आहे. विकत घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा. ते नको म्हणतील तर बाहेरच्यांचा. विक्री घरात बसून गुपचूप करायची नाही. शेजारच्या चाळीस कुळांसमोर, त्या घराच्या दारात उभे राहून ती जाहीर करायची, सीमा सांगायच्या, आणि 'या किमतीला कोण घेतो' असे तीनदा पुकारायचे.

या रिवाजात मोठे शहाणपण आहे. चाळीस घरची माणसे समोर उभी असताना खोटे बोलणे सोपे नाही. कोणाच्या भिंतीत पाणी मुरते, कोणाच्या परसात साप निघतो, हे शेजाऱ्याला घरधन्याइतकेच ठाऊक असते. आणि घेणारा बहुधा भाऊबंद किंवा शेजारीच! त्याच्यापासून लपवणार काय?

मालाचा दोष आणि व्यवहाराचा पस्तावा यांचाही विचार आपल्या शास्त्रकारांनी केला होता. सौदा झाल्यावर मन फिरले तर तो मोडायला कौटिल्याने व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री आणि गुराख्याला पाच रात्री दिल्या आहेत. मनुस्मृतीत घेतलेली वस्तू परत करण्याला दहा दिवसांची मुदत आहे. पण घराची परीक्षा दहा दिवसांत कशी होणार? ती पावसाळ्यात होते. चैत्रात घेतलेल्या घराचा खरा स्वभाव आषाढात कळतो.

मराठ्यांच्या काळातही खेड्यातला व्यवहार असाच चारचौघांत होई. पाटील-कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला असत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी पडे. जुन्या खरेदीपत्रांत चतुःसीमा बारकाईने दिलेली आढळते. पुढे कोणी भाऊबंद हक्क सांगत आला, तर त्याचे निवारण विकणाराने करावे, असेही लिहून घेत. म्हणजे कागदाची भिस्त हक्कावर होती. घर गळके की कोरडे हे कागदावर लिहिण्याचे कारण नव्हते. ते गावाला तोंडपाठ होते.

फसवणुकीला खरा वाव मिळतो तो परक्यात. शहरे वाढली, एका गावचा माणूस दुसऱ्या गावी जाऊन घर घेऊ लागला, तेव्हा ती चाळीस कुळे साक्षीला राहिली नाहीत. राहिले दोघेच. एक जाणणारा आणि एक नेणता.

याच सुमारास आपल्याकडे इंग्रजी कायदा आला. इंग्लंडात या बाबतीत एक जुने सूत्र चालत आले होते, 'कॅव्हिएट एम्प्टर'. शब्द लॅटिन, पण वापर इंग्रजांचा. अर्थ असा की, घेणाराने सांभाळून घ्यावे. तुला डोळे आहेत, पाहून घे. मागाहून रडत येऊ नकोस. भारतीय करार कायदा १८७२ साली झाला, त्यात या विचाराची छाया दिसते. केवळ गप्प बसणे म्हणजे कपट नव्हे, असे तो कायदा म्हणतो, आणि उदाहरण देतो घोड्याचे. 'अ' लिलावात 'ब' ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे 'अ' ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट होत नाही. पण पुढचे उदाहरण पाहा. 'ब' जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालतो, आणि तरीही 'अ' गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्याइतकेच झाले. एका प्रश्नाने केवढा फरक पडला!

घोड्याचे झाले. घराचे काय? दहा वर्षांनी, १८८२ साली, मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमाने घर-जमीन विकणारावर जे पहिले कर्तव्य घातले, ते सांगण्याचे. मालमत्तेत किंवा आपल्या हक्कात महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाराला ठाऊक असेल, घेणाराला ठाऊक नसेल, आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्याजोगा नसेल, तर विकणाराने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट समजले जाईल. घोडा विकताना गप्प बसता येते, घर विकताना बसता येत नाही. केटोने ज्या तत्त्वावर निवाडा दिला, तेच तत्त्व दोन हजार वर्षांनी आपल्या कायद्यात येऊन बसले.

पण या कलमाच्या अटी नीट समजून घ्या, कारण पुष्कळांची निराशा इथेच होते. नव्या घरात निघणारी दुरुस्ती तीन प्रकारची असते.

पहिली, जी दिसत होती. भिंतीला उभा तडा आहे, कौले फुटलेली आहेत, जोते एका अंगाला खचले आहे. हे पाहायचे काम घेणाराचे. ते न पाहता घेतले, तर बोल विकणाराला लावता येत नाही.

दुसरी, जी विकणाराला ठाऊक होती आणि झाकली गेली. वाळवी लागलेल्या तुळईवर फळी मारली, ओल आलेल्या भिंतीला विक्रीच्या आधी नवा गिलावा केला, किंवा घर पाडण्याबद्दल आलेली नगरपालिकेची नोटीस दडवून ठेवली. इथे कायदा घेणाराच्या बाजूला उभा राहतो.

तिसरी, जी दोघांनाही ठाऊक नव्हती. पायाखाली जुनी बुजवलेली विहीर निघाली आणि विकणाराच्या बापालाही तिचा पत्ता नव्हता. हा खर्च सहसा घेणाराच्याच पदरी येतो. तसेच मालकी एकदा आपल्याकडे आली की पुढच्या वादळात छप्पर उडाले, तर ते आपलेच नशीब. कायदा हेही स्पष्ट सांगतो.

आणखी एक. हे कलम, उलट करार केलेला नसेल तर, लागू होते. म्हणून खरेदीखतात 'घर आहे तसे पसंत करून घेतले आहे' असे वाक्य असले, तर सहीपूर्वी थांबा. आजूबाजूला जाणता वकील असेल तर त्याला ते दाखवा. दोन ओळींनी आपला हक्क पातळ होऊ शकतो.

नवीन बांधलेल्या इमारतींसाठी अलीकडे निराळी तरतूद झाली आहे. लोक जिला 'रेरा' म्हणतात, तो स्थावर संपदा कायदा २०१६ साली संसदेने केला. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष निघाला आणि तो विकासकाच्या नजरेस आणला, तर त्याने तीस दिवसांत तो पदरखर्चाने दुरुस्त करून द्यावा. देहदंडाची शिक्षा गेली, पण हम्मुराबीच्या स्तंभावरचे ते 'स्वतःच्या खर्चाने' हे शब्द पावणेचार हजार वर्षांनी पुन्हा कागदावर आले! मात्र ही सोय विकासकाकडून घेतलेल्या घराला आहे. गावातले जुने घर एका गृहस्थाने दुसऱ्याला विकले, तर तिथे १८८२ चाच कायदा पाहायचा.

मग जुने घर घेणाराने करावे काय? इतिहासातूनच उत्तर काढू. कौटिल्याची चाळीस कुळे आज पुकारा ऐकायला जमणार नाहीत, पण ती कुठे गेलेली नाहीत. ती शेजारी राहतात. घर पाहायला जाल तेव्हा घरधन्याचा चहा घ्या आणि शेजाऱ्याच्या ओट्यावरही घटकाभर बसा. जमल्यास घर एकदा पावसात पाहा. सुतार आणि गवंडी बरोबर न्या. त्यांची एक दिवसाची मजुरी ही घराच्या किमतीतली सर्वांत स्वस्त रक्कम आहे. सगळा पैसा खरेदीत घालू नका. पहिल्या पावसाळ्यापुरती शिल्लक बाजूला ठेवा. आणि त्या घोड्याच्या उदाहरणातला 'ब' व्हा. तोंडाने विचारा: छप्पर कुठे गळते? वाळवी कधी लागली होती? कोणाची नोटीस, कोणाचा वाटेचा हक्क आहे काय? उत्तरे लिहून घ्या. विचारले नाही तर माणूस गप्प बसू शकतो. विचारल्यावर गप्प बसणे त्याला महाग पडते.

आणि आपल्यापैकी कोणावर घर विकायची पाळी आली तर? तेव्हा भाव थोडा कमी येईल, पण तुळईची गोष्ट आपणहून सांगून टाकावी. मागच्या भिंतीच्या ओलीसकट घर घेणारा माणूस पावसाळ्यात सुतार बोलावील, पण आपल्या नावाने बोटे मोडणार नाही. आणि बहुधा तो पुढे आपला शेजारीच असेल.